हरकतमास्तर आणि 'तुझ्यापाशी' हे पद

अरबी लिपीत अक्षराच्या वर किंवा खाली जी चिमुकली स्वरखूण घालतात तिला हरकत म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ हालचाल. व्यंजन एरवी मुके आणि निश्चल. ही खूण त्याला अ, इ किंवा उ यांपैकी एका दिशेला हलवते. मराठीत पोहोचेपर्यंत या शब्दाचे वाटेत काय झाले ते सांगता येत नाही, पण मराठी माणसाच्या तोंडी हरकत म्हणजे अडवणूक. ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे त्यांनी आयुष्यभर पहिल्या अर्थाची चाकरी केली आणि ते जगले दुसऱ्या अर्थाने. छापखान्यातल्या जुळाऱ्यांनी त्यांना हरकतमास्तर हे नाव ठेवले ते दोन्ही अर्थ मनात धरूनच. मास्तरांना त्यांतला पहिला तेवढा ऐकू आला, आणि त्यांना तो आपला सन्मान वाटला.

धार्मिक ग्रंथ छापणाऱ्या त्या छापखान्यात कुराणाची मुद्रिते तपासणे हे त्यांचे काम. खिडकीखाली उतरत्या पाठीचे मेज, वाकवता येणारा दिवा, मुठीचे भिंग आणि तांबडी पेन्सिल. एवढ्या साहित्यावर ते दिवसभर अक्षरांच्या डोक्यावरच्या आणि पायाखालच्या खुणा मोजल्यासारखे पाहत बसत. काम जबाबदारीचे होते यात शंका नाही. अरबीत कर्ता कोण आणि कर्म कोण हे पुष्कळदा शेवटच्या हरकतीवरूनच कळते. मास्तर नव्या माणसाला नेहमी एकच उदाहरण देत. कुराणात एके ठिकाणी म्हटले आहे की ईश्वराच्या दासांपैकी त्याला खरे भितात ते जाणकारच. या वाक्यातल्या दोन शब्दांच्या अखेरच्या हरकतींची अदलाबदल झाली, की कर्म कर्त्याच्या जागी येऊन बसते आणि ईश्वरच जाणकारांना भिऊ लागतो. "दोन ठिपक्यांएवढ्या खुणा," मास्तर बोट वर करून म्हणत, "आणि सृष्टी उलटी."

हे उदाहरण त्यांनी एकदा घरी जेवताना सांगितले तेव्हा त्यांची बायको आमटी वाढत होती.

"छापखान्यात चूक धरत असतील," ती म्हणाली. "आपल्या घरात तसंच चालतं."

मास्तरांनी हा विनोद आहे की वाक्यदोष याचा क्षणभर विचार केला आणि मीठ मागितले.

आठवड्यातून एकदा संध्याकाळी ते शब्दार्थाचा वर्ग घेत. एका शिंप्याच्या दुकानावरची लांबट खोली त्यांना त्यासाठी वापरायला मिळाली होती. खाली इस्त्रीची वाफ फुसफुसे आणि वर मास्तर विभक्ती सोडवून दाखवत. ऐकायला एक औषधांचे दुकानदार येत, एक घड्याळजी येत, आणि नोकरीतून मोकळी झालेली काही मंडळी येत, ज्यांना संध्याकाळी घरी कोणी विचारीत नसे. प्रार्थनेत जन्मभर उच्चारलेल्या शब्दाला मूळ धातू असतो, त्याला 'वजन' म्हणजे ठरलेला साचा असतो, एका साच्यात तो कर्ता होतो आणि दुसऱ्यात क्रिया, हे कळले की या मंडळींच्या चेहऱ्यांवर समाधान पसरे. जणू शब्दाचे आतडे पाहिले म्हणजे त्याच्याशी ओळख झाली. मास्तर त्यांचा हा समज कधी दूर करीत नसत. तोच त्यांच्या वर्गाचा आधार होता.

मास्तरांचा हातखंडा विषय एकच होता. कुराणाच्या सतराव्या अध्यायात आईवडिलांविषयी जी आज्ञा आहे, तिच्यातला 'उफ्' हा शब्द. त्यांच्यापैकी एक किंवा दोघेही तुझ्यापाशी म्हातारपणाला पोहोचले, तर त्यांना 'उफ्' म्हणू नकोस, त्यांना झिडकारू नकोस, त्यांच्याशी सन्मानाने बोल, असे ते वचन आहे. या दोन अक्षरी शब्दावर मास्तर कितीही वेळ बोलू शकत, आणि बोलत. तो नाम आहे की क्रियापद? व्याकरणकारांनी त्याच्यासाठी वेगळाच वर्ग काढला: दिसायला नाम, करणी क्रियापदाची, अर्थ 'मी वैतागलो'. त्याच्या अखेरीस कोणती हरकत? कोणी 'उफ्फि' म्हणतो, कोणी 'उफ्फा', कोणी शेवटी न हा वर्ण जोडून 'उफ्फिन'. टोळ्याटोळ्यांच्या बोलींतून जुन्या पंडितांनी त्याची इतकी रूपे गोळा केली की माणसाचा वैताग ओसरावा पण रूपे संपू नयेत. आणि मुळात हा शब्द कशाचा? काही कोशकार म्हणतात कानातला मळ, काही म्हणतात नखातला. मास्तर दोन्ही मते देत आणि आपला कौल कानाच्या बाजूने टाकत.

एवढेच नव्हे. ज्या वचनात लहानात लहान गोष्ट वर्ज्य ठरवली आहे तिथे मोठी गोष्ट आपोआप वर्ज्य होते, 'उफ्' म्हणायचे नाही म्हटले की हात उगारणे, उपाशी ठेवणे, टाकून देणे हे सगळे त्यातच आले, हा जुन्या मीमांसकांचा निर्णयही मास्तर वर्गाला नीट समजावून देत. तो त्यांना पाठ होता. जे माहीत नसते त्याची माणसाला सूट देता येते. मास्तरांना अशी एकही सूट देता येत नाही, म्हणून हा मुद्दा इथे नोंदवला.

मास्तरांची आई त्यांच्यापाशीच म्हातारपणाला पोहोचली होती.

घर तळमजल्यावर होते. पुढे बैठकीची अरुंद खोली, मग बोळकांडी, उजव्या हाताला स्वयंपाकघर, टोकाला मोरी, आणि बोळकांडीच्या डाव्या अंगाला आईची खोली. घरातली तेवढीच ऐसपैस, कारण वडील असताना ती दोघांची होती. आईच्या डोळ्यांतला प्रकाश गेली काही वर्षे कडेने आत आत मिटत गेला होता. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितले होते. उजेड आहे की अंधार एवढे तिला कळे, बाकी काही नाही.

तरीही या घरात ती आंधळी नव्हती. हे वाक्य अलंकारिक नाही. खाटेवरून उठले की उजवा हात भिंतीला लागे. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर रंगाचा पोपडा निघालेला होता, तिथून दार चार पावलांवर. दाराच्या चौकटीत एक खिळा वर आलेला होता. तो तिने कोणाला ठोकू दिला नव्हता, कारण तो लागला की बोळकांडी सुरू होते. बोळकांडीतली भिंत उन्हाकडच्या अंगाला कोमट असे आणि मोरीकडे ओलसर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी फरशी तुटलेली होती, ती पायाच्या अंगठ्याला कळे. एवढ्या खुणांवर ती सकाळी आपण होऊन उठे, तोंड धुई, सुनेने पुढ्यात ठेवलेल्या शेंगा सोली, आणि कोणी आले तर दार उघडायलाही जाई. नवा माणूस घरात आला तर तिला दिसत नाही हे पुष्कळ वेळ त्याच्या लक्षात येत नसे. लेकीने तिला एकदा आपल्या घरी नेले होते तेव्हा मात्र ती आठवडाभर खुर्चीवरून हलली नव्हती, आणि परत आल्यावर बोळकांडीत उभी राहून म्हणाली होती, "हं. आता दिसायला लागलं."

तिला या जगाकडून आणखी काही नको होते. तेवढ्या भिंती हव्या होत्या.

मास्तरांनी आईला कधी 'उफ्' म्हटले नाही. ते हे अभिमानाने सांगत आणि ते खरे होते. आई बोलायची, म्हाताऱ्या माणसांसारखी तेच तेच बोलायची; ते ऐकताना ओठांवर येणारा शब्द अडवायचा एकच खात्रीचा उपाय मास्तरांना सापडला, तो म्हणजे तोंडच न उघडणे. छापखान्यातून आले की ते बैठकीतच चपला काढून बसत आणि आईच्या खोलीवरून जाताना पावले हलकी टाकत. तरी ती ओळखायचीच.

"आलास का रे?"

यावर 'हो' म्हणण्यात कोणताही व्याकरणदोष नव्हता. पण 'हो' म्हटले की पुढचा प्रश्न येई, त्यापुढचा येई, आणि कुठल्यातरी प्रश्नाशी ती दोन अक्षरे वाट पाहत असणार. मास्तर नाकाने एक लांब श्वास सोडत आणि पुढे जात.

"नाकाने म्हटलेलं चालतं वाटतं?" बायको स्वयंपाकघरातून विचारी.

"श्वास म्हणजे शब्द नव्हे," मास्तर सांगत. "शब्दाला उच्चारस्थान लागतं. फ हा वर्ण खालचा ओठ वरच्या दातांना टेकल्याशिवाय होत नाही."

"मग माझ्या जिवाला बरंच पाप लागलं असेल. मी दिवसभर ओठ दातांना टेकवूनच असते."

या बाईने सासूचे केस विंचरले, नखे कापली, औषधे दिली, आणि अधूनमधून चिडून मोठ्याने 'काय हो तुमचं' असेही म्हटले. तिच्या या उद्गारावर सासू हसत असे. मास्तर वर्गात अशा उद्गारांचे वर्गीकरण करीत असत, आणि बायकोचा उद्गार निषिद्ध वर्गात मोडतो असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

मग शिंप्याच्या मुलाचे लग्न ठरले आणि शिंप्याला वरची खोली हवी झाली. त्याने हात जोडून सांगितले. मास्तरांचा वर्ग उघड्यावर आला. औषधदुकानदार म्हणाले की दुकानामागे जागा आहे, पण तिथे खोकी असतात. मास्तरांना खोक्यांत बसून विभक्ती सांगणे कमीपणाचे वाटले. बैठकीची खोली अरुंद. राहिली ती आईची. हा विचार त्यांच्या मनात प्रथम केव्हा आला ते माहीत नाही; मास्तर स्वतः सांगत की त्यांच्या मनात आधी खोली आली नाही, आधी पद आले.

त्या पदाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच फिरले. वचनातली पहिली आज्ञा अनेकवचनी आहे: त्याच्याखेरीज 'तुम्ही' कोणाची उपासना करू नका. लगेच पुढे म्हातारपणाचा विषय निघतो आणि संबोधन एकवचनी होते: 'इंदका', म्हणजे 'तुझ्यापाशी'. तुम्हां सर्वांपाशी नव्हे, तुझ्या एकट्यापाशी. आईबाप थकले की घरातली सगळी अनेकवचने गळून पडतात आणि ज्याच्या दाराशी ती थकली आहेत तो एकटा आज्ञेसमोर उभा राहतो. ही जागा सुंदर आहे, आणि मास्तरांना ती दिसली होती. त्यांची बुद्धी मंद होती असे मानण्याची सोय नाही.

त्यांनी त्या शेवटच्या वर्गात, शिंप्याच्या खोलीतच, हे पद त्याच्या वाक्यासकट फळ्यावर लिहिले.

घड्याळजींनी हात वर केला. "म्हणजे आधी अहो-जाहो आणि मग एकदम अरे-तुरे?"

"हा आदराचा प्रश्न नाही, वचनाचा आहे," मास्तर म्हणाले.

"नाही, आमच्याकडे मोठा भाऊ असाच बोलतो. सगळ्यांना मिळून तुम्ही, आणि काम सांगायचं झालं की तू."

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी 'इम्मा' या शब्दाखाली रेघ ओढली. 'इम्मा' म्हणजे 'जर'. म्हणजे वाक्य सशर्त. सशर्त वाक्याची अंगे दोन, शर्त आणि जवाब. शर्त अशी की दोघांपैकी कोणी 'तुझ्यापाशी' म्हातारपणाला पोहोचावे. जवाब असा की त्यांना 'उफ्' म्हणू नये वगैरे. 'पाशी' हे स्थलवाचक पद शर्तीचा भाग आहे, भरीचा नाही, कारण त्या वचनात भरीचे काही असूच शकत नाही.

"आणि शर्त पुरी झाली नाही तर?" औषधदुकानदारांनी विचारले.

"शर्त नाही, तर जवाब नाही," मास्तर म्हणाले. "हा नियम पहिल्या इयत्तेतला आहे."

"मग आईवडील दुसऱ्याकडे राहत असले तर?"

"तर एकवचन त्या दुसऱ्याला लागू. सर्वनाम ज्याच्याकडे वळतं, आज्ञा त्याच्याकडे वळते."

औषधदुकानदारांनी हे वहीत उतरवून घेतले. त्यांचे वडील धाकट्या भावाकडे होते.

शब्दाचा कीस पाडणाऱ्याला कधीकधी त्या किसात हवी ती वस्तू सापडते. ती आधी आपणच टाकलेली असते, हे त्याला आठवत नाही. ज्या पदाने माणसाला एकटे गाठले होते त्याच पदाचे मास्तरांनी दार केले, आणि त्या दारातून बाहेर कोणाला काढायचे तेही त्यांना एव्हाना कळले होते.

बहीण पुढच्या आठवड्यात आली. ती मास्तरांहून मोठी, रुग्णालयात परिचारिका, उभे राहून बोलायची सवय असलेली. मास्तरांनी तिला बैठकीत बसवून विषय काढला.

"आईला तुझ्याकडे ठेवावं असं म्हणतोय."

"किती दिवस?"

"दिवसांचा प्रश्न नाही."

"अरे, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. दिवसभर कामावर. तिथे तिला मोरी कुठे ते सापडत नाही. मागच्या वेळी काय झालं ते विसरलास?"

"सवय होईल. आणि सेवेचं पुण्य तुलाही मिळायला हवं. मी एकट्यानेच ते घेणं बरं नाही."

बहिणीने विचारले, "तू घेतलंस?"

"ती माझ्यापाशीच आहे."

"ती तुझ्या बायकोपाशी आहे," बहीण म्हणाली. "तू तिच्या शेजारच्या खोलीत आहेस."

मास्तरांनी मग तिला सर्वनामाचा मुद्दा सांगितला. शर्त, जवाब, स्थलवाचक पद, सर्व काही, वर्गात सांगत तशाच क्रमाने. बहिणीने मध्येच तोडले नाही. इंजेक्शन देताना रुग्ण जे काही बडबडतो ते ती ज्या चेहऱ्याने ऐके तोच चेहरा तिने इथे ठेवला. शेवटी विचारले, "वर्ग कुठे भरणार आता?"

मास्तर गप्प बसले. गप्प बसण्यात ते वाकबगार होते.

"सरळ सांगायचं होतंस की खोली हवी आहे. एवढ्या आडरस्त्याने कशाला आलास?"

आईचे मत विचारावे असे फक्त सुनेला सुचले. आई खाटेवर बसली होती. बैठकीतले बोलणे तिच्या कानावर सगळे गेलेच होते.

"मला तिथे दिसत नाही गं," ती म्हणाली. "एवढंच त्याला सांग. बाकी माझं काही म्हणणं नाही. वर्ग इथे भरला तर मी कोपऱ्यात बसेन. तोंडाला कुलूप लावून बसेन."

सुनेने ते जाऊन सांगितले. मास्तर म्हणाले की वर्गात लोक येतात, त्यांना संकोच होईल; शिवाय खाट मधोमध येते. मग त्यांनी विषय बदलला. बहिणीला राग आवरता येत होता, पण राग आवरून आईला इथे ठेवायचे तर कोणाच्या भरवशावर, हा प्रश्न तिच्यापुढे होता. ज्याला खोलीत आई म्हणजे मधोमध आलेली खाट दिसते, त्याच्याकडे उद्या ती मोरीत घसरून पडली तर काय दिसेल, हे तिने ओळखले. त्या महिनाअखेरीस तिने आईला नेले. निघताना आईने चौकटीतल्या खिळ्यावर बोट ठेवले आणि ते उचलायला तिला जरा वेळ लागला. मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी तिच्याशी सन्मानाने बोलावे अशी आज्ञा होती, आणि ते म्हणाले, "सांभाळून जावं." कर्त्याविना, आदरार्थी, निर्दोष.

लेकीच्या घरी तिचे काय झाले ते थोडक्यात सांगता येते. ती तिथे आंधळी झाली. सकाळी लेक कामावर जाई तेव्हा आईला खुर्चीत बसवून जाई, आणि शेजारची बाई दुपारी येऊन तिला उठवी. भिंती सगळीकडे सारख्याच गुळगुळीत होत्या. त्यांच्यावर हात फिरवून काही वाचता येत नव्हते. दोनदा ती मोरी समजून कपाट उघडून उभी राहिली. तिसऱ्यांदा तिने उठणेच सोडले. पाणी कमी पिऊ लागली, म्हणजे उठावे लागू नये. लेकीने एक दोरी बांधून पाहिली, खुर्चीपासून मोरीच्या दारापर्यंत. आईने दोरी धरली, दोन पावले टाकली आणि म्हणाली, "गुरासारखं वाटतं गं," आणि ती सोडून दिली.

"मला एकदा तिकडे ने," ती म्हणू लागली. "राहायला नको. नुसतं चालून येते."

बहिणीने मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणाले की जरूर आण, केव्हाही आण, फक्त वर्गाचा दिवस सोडून. बहिणीला सुट्टी नेमकी त्याच दिवशी मिळाली. ती आईला घेऊन आली.

वर्ग रंगात आला होता. आता श्रोते वाढले होते, कारण बसायला सतरंजी होती आणि मध्यंतरात चहा मिळे. तो अर्थात सून करी. मास्तर त्या वचनाच्या पुढच्या भागावर आले होते: दयेपोटी त्यांच्यापुढे नम्रतेचा पंख खाली कर. इथली क्रिया 'खफ्द', खाली करणे. गंमत अशी की व्याकरणकारांच्या एका परंपरेत षष्ठीलाही 'खफ्द' हेच नाव आहे, कारण त्या विभक्तीत हरकत अक्षराच्या पायाखाली जाते. पंख खाली करणे आणि खूण खाली घालणे, एकच शब्द. मास्तरांनी आयुष्यभर लाखो खुणा खाली घातल्या होत्या, आणि हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

बोळकांडीत लेकीने आईचा हात सोडला. आईनेच सोडायला सांगितला. कोमट भिंतीवरून तिचा तळवा सरकत आला, बोट खिळ्याला लागले, आणि मागून पाहणाऱ्या लेकीला दिसले की आईचा वाकलेला खांदा सरळ झाला. ती चौकटीतून आत वळली ती बिनधास्त, घरच्या माणसाच्या चालीने, डावा हात भिंतीवर टाकत.

भिंत तिथे नव्हती. भिंतीला लागून मास्तरांनी जमिनीपासून छतापर्यंत फळ्या ठोकून घेतल्या होत्या आणि त्यांच्यावर कोश लावले होते. आईची बोटे पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरून गेली, एक पुठ्ठा, दुसरा, मधली फट, तिसरा. तिने हात कमरेच्या उंचीवर आणून रंगाचा पोपडा शोधला. तिथेही पुठ्ठेच होते. ती आणखी एक पाऊल पुढे गेली आणि तिचा पाय सतरंजीच्या काठात अडकला. श्रोत्यांनी आपापले पाय आखडून घेतले. घड्याळजींनी आपली उशी बाजूला सरकवली. याहून जास्त कोणी काही केले नाही.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात जरासे पुढे धरून.

"ही कोणाची खोली?" तिने विचारले.

मास्तर उठले. श्रोत्यांच्या देखत त्यांना आईशी बोलायची वेळ आजवर आली नव्हती. सन्मानाने बोलण्याविषयीची सगळी मते त्यांना अवगत होती: आवाज खाली, नावाने हाक नाही, हुकमाचा सूर नाही.

"आई, आपण बसावं," ते म्हणाले. "आपल्यासाठी खुर्ची मागवतो."

आई आवाजाच्या दिशेने वळली, पण थोडी चुकून. तिचे तोंड औषधदुकानदारांकडे झाले. "खुर्ची तिथेही आहे," ती त्यांनाच म्हणाली. मग लेकीला हाक मारली. "अगं, मला धर. मला इथे पण काही दिसत नाही."

लेक आत आली आणि तिने आईचा दंड धरला. स्वयंपाकघरातून सून बाहेर आली होती. तिने दुसरा धरला. बोळकांडी तिघींना मिळून अरुंद पडत होती, म्हणून त्या एकीमागे एक झाल्या, मधे आई. या खेपेस तिने भिंतीला हात लावला नाही. दोन पायऱ्या उतरताना सून काहीतरी म्हणाली आणि आईने मान हलवली. मग फाटकाचा आवाज आला. सून आत परतली नाही. ती त्यांना पोचवायला म्हणून गेली आणि त्या आठवड्यात तिकडेच राहिली. त्या दिवशी मध्यंतरात चहा झाला नाही.

औषधदुकानदार आपल्या वहीकडे पाहत होते. मास्तरांनी आईच्या पायाने दुमडलेला सतरंजीचा काठ वाकून सारखा केला, फळ्याशी गेले आणि खडू उचलला.

"कुठवर आलो होतो आपण?"

"पंखापर्यंत," कोणीतरी म्हणाले.

"हं. तर 'पंख' हे इथे कर्म आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून हरकत वर."